वाकडी रेघ, आडवी काठी

जयसिंगपूर,
रविवार, ११ मार्च १९७९

कु. जरीना नबीलाल मोमीन, मु. कबनूर, यांस

प्रथम घटना क्रमाने मांडते, म्हणजे पुढे मतभेदाला जागा उरणार नाही.

एक. १२ फेब्रुवारीपासून मी मिरजेच्या दवाखान्यात मानेतील गाठींवर किरणोपचार घेत आहे. रोग कर्करोग आहे. घरची मंडळी त्याला 'गाठीचा त्रास' म्हणतात. मी म्हणत नाही.

दोन. आपल्या डाव्या पायाच्या नळीवर त्याच यंत्राखाली उपचार चालू आहेत आणि आपला क्रमांक माझ्या आधी लागतो. म्हणून गेले चार आठवडे आपण दोघी एकाच बाकावर बसतो. त्या बाकावर पंचविशीच्या आतल्या आपण दोघीच. बाकीचे सारे खोकणारे आजोबा.

तीन. किरण नेमके कोठे पडावेत हे ठरावे म्हणून यंत्र चालवणाऱ्या चमनभाईंनी माझ्या मानेवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या आहेत. उपचार संपेपर्यंत त्या पुसायच्या नाहीत.

चार. त्यांपैकी डावीकडची रेघ वाकडी होती. हे माझे मत नव्हे. गुरुवारी आरशासमोर उभी राहून मी पट्टी लावून पाहिले. कानाकडच्या टोकाला ती चांगली दोन सूत खाली उतरत होती.

पाच. कोल्हापुरात महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणाऱ्या व्यक्तीने वाकडी रेघ दीड महिना अंगावर वागवावी, हे मला मान्य नव्हते. जांभळी पेन्सिल ओली करून मी ती सरळ केली.

सहा. शुक्रवारी आपण माझ्या मानेकडे पाहिलेत, एक अक्षर न बोलता उठलात, काठी टेकत आत गेलात आणि चमनभाईंना सांगितलेत.

परिणाम आपल्यासमोरच घडला. यंत्र थांबले, डॉक्टर आले, सगळ्या रेघा नव्याने आखल्या गेल्या आणि आजोबांना तासभर ताटकळावे लागले. विद्यापीठात पहिली आलेल्या मला, शाळेतही कधी वाट्याला आले नव्हते ते, म्हणजे सर्वांसमोर रागावून घेणे, त्या दिवशी वाट्याला आले.

माझ्याशी आधी बोलणे आपल्याला शक्य होते. आपण चहाडीचा मार्ग निवडलात. आपण क्षमा मागेपर्यंत मी बाकावर आपल्याशी बोलणार नाही. म्हणून हे पत्र उद्या हातातच देईन.

राजमती धनपाल मगदूम


कबनूर,
१३ मार्च

राजमती अक्कास सलाम.

चिठ्ठी पोचली. हातभर अंतरावरनं आलेलं टपाल मी पयल्यांदाच बगितलं. तुमी दिली आन तोंड फिरवून बसला. शेजारचं आजोबा इचारत हुते, लगनाची पत्रिका हाय काय म्हणून.

माफी मागत न्हाय. व्हय, मी सांगितलं. आमच्या घरात दोन माग हायत. कापडात रेघ वाकडी दिसली तर मागवाला हात लावत न्हाय, माग बंद करून तो नीट करणाऱ्या जॉबरला हाक मारतो. आपल्याच अकलेनं काय तरी पिळलं तर सगळा बीम, म्हंजे उभ्या धाग्यांचा रूळ, वाया जातोय. तुमची मान बीमपरास महाग हाय की. आन तुमाला आधी सांगून काय झालं असतं? तुमी मला पट्टी दावली असती.

आता खरं ऐका. चमनभाई तुमाला निजवून रेघा काढत हुते तवा दार उघडं हुतं. मी डोळ्यांनी बगितलं. यंत्राखाली तुमी मान उजवीकडं कलती करून निजता. तसं निजल्यावर पयली रेघ पट्टीसारखी सरळ हुती. वाकडी दिसत हुती ती तुमी काढलेली. आरशाम्होरं बगितलं तवा रेघ सरळच हुती, अक्का. उभ्या तुमी हुता.

रागवा, रागवायला ना न्हाय. पर उद्यापास्नं बोला. अजून सतरा दिस जायचेत. आजोबांच्या खोकल्याची वर्णनं ऐकून मी कावलीया.

जरीना


कोल्हापूर, राजारामपुरी,
रविवार, २४ जून १९७९

कु. जरीना यांस,

तुमच्या मार्चमधील पत्राला आज लेखी उत्तर देते. बाकावर आपले बोलणे तिसऱ्याच दिवशी सुरू झाले हे खरे. पण रेघेचा विषय मी काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. त्या सौजन्याची नोंद मी तेव्हाच घेतली होती.

तुमचे पत्र वाचले त्याच दिवशी मी पलंगावर मान कलती करून निजले आणि वहिनीला वर आरसा धरायला लावला. डॉक्टरांची रेघ सरळ होती. हे तुम्हाला तेव्हाच कळवणे माझे कर्तव्य होते. उशिराबद्दल दिलगीर आहे. चहाडी हा शब्द मी मागे घेते.

महाविद्यालय सुरू झाले. मानेवरचे केस गेले आहेत, तेथे पदर घेते. वर्गात कुजबुज होती. म्हणून पहिल्याच दिवशी फळ्याजवळ उभी राहून मी सांगितले की मला कर्करोग झाला होता, उपचार पूर्ण झाले आहेत, आता पान नववे उघडा. वर्ग इतका शांत झाला की त्या तासाला कधी नव्हे एवढे शिकवून झाले. शेवटी एका मुलीने विचारले, "बाई, तो परत येतो का?" मी तिला पान दहावे काढायला सांगितले.

पहिली तपासणी दोघींचीही मंगळवारी, २४ जुलैला आहे. कार्ड, जुने फोटो आणि औषधांची यादी एकाच पिशवीत ठेवावी. दवाखाना आठला उघडतो. साडेसातला तेथे असावे. तुमच्या स्वभावात वक्तशीरपणा आहे की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहिले.

राजमती


कबनूर,
८ जुलै

अक्कास सलाम.

वर्गात तुमी सांगितलं ते अम्मीला वाचून दावलं. अम्मी म्हणली, बाई वाघीण हाय. मी म्हणलं, वाघीण हाय पर पट्टी घिऊन हिंडती.

माझी खबर अशी. उभं ऱ्हाऊन सुताच्या कांड्या भरायचं काम आता जमत न्हाय. अब्बा म्हणले, घरात बस. मी म्हणलं, बसूनच करायचं काम शिकते. शेजारच्या बायडाबाई वहिफणी करत्यात. म्हंजे नवा बीम आला की त्याचा एकेक धागा बारीक डोळ्यातनं ओढून घ्यायचा, मगच माग चालतोय. अडीच हजार धागं. एक चुकला तर सगळ्या कापडभर रेघ उमटती. पयल्या बीमला माझं सात चुकलं, दुसऱ्याला एक. तुमी असता तर त्या एकालाबी नापास केलं असतं. अब्बा आता माझ्याच बीमवर माग चालवत्यात आन लोकांस्नी सांगत्यात, पोरीचा डोळा बगा.

दुसरी खबर. पेठ वडगावची मंडळी मला बगायला आल्ती. अम्मीनं शिकवून ठेवल्तं, काठीबद्दल इचारलं तर जिन्यावरनं पडली म्हण. त्यांनी इचारलं. मी म्हणलं, पायात कॅन्सर हुता, बरा झालाय, अधनंमधनं तपासून घ्यायला लागतंय. अम्मीनं डोळं वटारलं. पावणं म्हणले, बरं, कळवतो. भजी समदी संपवून गेले. अजून कळवत्यात. दोन दिसांनी अम्मी म्हणली, नसतं लपलं व्हय गं? मी म्हणलं, तपासणीच्या दिवशी काय सांगितलं असतं, जिन्याचं माप घ्यायला चाललीया म्हणून?

चोवीसला येते. वक्तशीरपणा बगाच.

जरीना


कोल्हापूर,
२७ जुलै १९७९

जरीना,

मंगळवारी मी ठरलेल्या वेळी दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी लगेच तपासले. सर्व काही उत्तम आहे. आईलाही तसे कळवले आहे.

तुम्ही मात्र कोठेच दिसला नाहीत. ज्या मुलीने परक्या मंडळींसमोर धीटपणे सत्य सांगितले तिने स्वतःच्या तपासणीबाबत असा निष्काळजीपणा करावा, याचे मला आश्चर्य वाटले. शिस्त ही धीटपणाइतकीच आवश्यक असते. पुढील तारीख मागून घ्यावी आणि ती पाळावी.

मला महाविद्यालयात काम फार आहे. त्यामुळे काही दिवस पत्र पाठवणे होणार नाही.

राजमती


कबनूर,
३१ जुलै

अक्कास सलाम.

पत्र बगितल्याबरोबरच कळलं, खोटं हाय. एक, दोन, तीन घातलं न्हाय तुमी.

मंगळवारी मी सकाळी सातला बाकावर बसले ते साडेचारला उठले. आपल्याच बाकावर, भिंतीकडच्या टोकाला. तुमची जागा धरून माझी पिशवी ठेवल्ती. सिस्टरनी "राजमती धनपाल मगदूम" असं तीनदा पुकारलं. दोनदा मी "आल्या, आल्या" म्हणले. तिसऱ्यांदा गप बसले.

माझा पाय चांगला हाय. फोटोत हाड भरत आलंय. डॉक्टर म्हणले, असंच ऱ्हायलं तर डिसेंबरात काठी सोड. ही खबर तुमाला तितंच सांगायची म्हणून मी दिवसभर ऱ्हायलते.

निष्काळजी म्हणला त्याचा राग न्हाय. मार्चात तुमी रागावला तवा तुमी लई बोलला. आता लई कमी बोललाय, म्हणून भ्या वाटतंय. काय झालंय?

तुमाला खोटं बोलायला येत न्हाय. पावण्यांस्नी जिन्याची गोष्ट सांगायला मी तुमाला शिकवू शकते, पर मला सांगू नका.

जरीना


कोल्हापूर,
रविवार, ५ ऑगस्ट १९७९

जरीना,

घटना क्रमाने अशा.

एक. १५ जुलैला वेणी घालताना डाव्या जबड्याखाली गाठ हाताला लागली. हरभऱ्याएवढी.

दोन. मी कोणालाही सांगितले नाही.

तीन. २४ जुलैला सकाळच्या गाडीत कोल्हापूरला बसले. तिकीट मिरजेचे होते. पिशवीत कार्ड, फोटो आणि यादी, सर्व होते.

चार. जयसिंगपूरला उतरले. मिरज पुढचेच स्टेशन.

पाच. घरी जाऊन आईला सांगितले की डॉक्टर म्हणाले, सर्व उत्तम आहे. आईने त्याच दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक करवला. भगवंतासमोर माझ्या खोट्याचा अभिषेक चालला होता आणि मी हात जोडून उभी होते. भाऊ अण्णाप्पा पेढे वाटत होता. मी एक खाल्लाही.

सहा. गाठ आता हरभऱ्याहून मोठी आहे.

सातवा मुद्दा मला मांडता येत नाही. एवढेच लिहू शकते की जोवर मी जात नाही तोवर ती केवळ गाठ आहे. गेले की तिला नाव मिळेल. त्या मुलीने वर्गात विचारले होते ना, तो परत येतो का. त्याचे उत्तर मला आणायचे नाही.

तुम्ही माझ्या नावाला "आल्या" म्हणालात. ते वाचल्यावर मी हे पत्र लिहायला बसले. वाचून फाडून टाकावे.

राजमती


कबनूर,
८ ऑगस्ट

अक्का,

पत्र फाडलं न्हाय. पोटाला बांधून ठेवलंय.

सातवा मुद्दा मला ठावं हाय. मला बी तपासणीच्या आदल्या दिवशी तो येतो. पायात कळ आली की मी आधी अम्मीकडं बगते, तिनं बगितलं काय म्हणून. मग कामाला बसते. पर एक गोष्ट मी शिकलीया. धागा तुटलाय का न्हाय हे डोळं मिटून कळत न्हाय. आन तुटला आसंल तर जितका उशीर तितकं कापड वाया.

आता माझं बी क्रमानं ऐका.

येत्या मंगळवारी, चौदा तारखेला, त्याच सकाळच्या गाडीत बसा. इंजिनापास्नं तिसरा डबा. मी हातकणंगल्याला चढते. जयसिंगपूर आलं की मी दारात काठी आडवी घालून उभी ऱ्हाणार. उतरायचं आसंल तर माझ्या आजारी पायावरनं उतरा.

गाठ बरी का वाईट ते तुमी आरशात ठरवायचं न्हाय. जॉबरचं काम जॉबरला करू द्या. वाईट निघाली तर बाक तोच हाय. आणखी सहा आठवडे बसू. मी रोज येईन, आन भांडू. एकट्यानं भांडायला तुमाला येत न्हाय, मार्चात बगितलंय मी.

रमजान चालू हाय. अम्मी नको म्हणती, पर मंगळवारचा रोजा मी तुमच्यासाठनं धरणार. माझा डबा आणू नका.

जरीना


कोल्हापूर,
रविवार, ९ सप्टेंबर १९७९

प्रिय जरीना,

१४ ऑगस्टच्या घटनांना तू साक्षी आहेस. तरीही क्रमाने लिहिते. कारण तू त्या बायडाबाईंना तिखटमीठ लावून सांगितल्या असशील, आणि एक खरी प्रत कोठेतरी असायला हवी.

एक. जयसिंगपूर आले तेव्हा मी खरोखर उठले होते. तू पाहू नयेस म्हणून आधी खिडकीतून भाऊ दिसतो का हे पाहण्याचे निमित्त केले.

दोन. तू दारात काठी आडवी घातलीस. एक जाडसर गृहस्थ पोते घेऊन उतरू पाहत होते. ते म्हणाले, "ए पोरी, काठी काढ की." तू म्हणालीस, "पावणं, त्या दारानं उतरा. या दारात आमच्या अक्काचा इचार चाललाय." सगळा डबा माझ्याकडे पाहू लागला. इतक्या लोकांसमोर पळून जाणे माझ्या प्रतिष्ठेत बसत नाही, हे तुला पक्के ठाऊक होते. मी बसले. गाडी सुटली.

तीन. बाकावर सिस्टरनी माझे नाव एकदाच पुकारले. उत्तर मी दिले.

चार. डॉक्टरांनी गाठ चाचपली, मला जबडा उघडायला लावला आणि आत बराच वेळ पाहिले. मग म्हणाले की खालची अक्कलदाढ हिरडीतून वाकडी उगवते आहे आणि पिकली आहे. गाठ बहुधा तिचीच. छातीचा फोटो स्वच्छ आला. त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे धाडले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. दाढ वाकडी आहे हे ऐकूनही मी ती स्वतः सरळ करायला गेले नाही, हे तू हसून हसून संपल्यावर माझ्या बाजूने नोंदवशील अशी अपेक्षा आहे.

पाच. तू दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हतास, म्हणून माझा डबा मी उघडला नाही. परतीच्या गाडीची वाट पाहताना सूर्य मावळला. तू खजूर तोंडात टाकलास आणि मला म्हणालीस, आता काढा डबा. सूर्यास्तानंतर आमच्यात जेवत नाहीत, हे तुझ्या तेव्हा लक्षात आले. तू कपाळाला हात लावलास. माझ्या वेळेत तुला चालत नव्हते, तुझ्या वेळेत मला चालत नव्हते. डबा तसाच परत आला. त्या दिवशी माझाही रोजा घडला. भूक अशी चवदार असू शकते हे मला ठाऊक नव्हते.

आता तुला माहीत नसलेले.

दुसऱ्याच दिवशी मी जयसिंगपूरला जाऊन आईला सर्व खरे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "पेढे खाताना तू गिळत नव्हतीस, तेव्हाच मला कळले होते. तू कधी सांगतेस याची वाट पाहत होते." एका घरात दोन जणी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

दाढ काढली. ४ सप्टेंबरला मी मिरजेला गेले. एकटी. तुला मुद्दाम कळवले नाही. जयसिंगपूर आले तेव्हा दाराकडे पाहिले. तेथे काठी नव्हती. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि गाडी पुढे गेली.

गाठ उतरली आहे. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी चाचपली. आता काही लागत नाही, असे ते म्हणाले. मी त्यांना हे वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावले.

बाहेर आले तर आपल्या बाकावर, तुझ्या टोकाला, एक मुलगी बसली होती. अंजना, पेठ वडगावची, वय एकोणीस. (भजी संपवून गेलेल्या मंडळींची ती कोणी नाही, मी विचारून घेतले.) मानेवर नव्या जांभळ्या रेघा होत्या. हातात छोटा आरसा होता आणि ती पदराचे टोक ओले करून एक रेघ हळूच पुसत होती. तिने मला सांगितले की ही वाकडी आलीय, कोणी पाहिले तर काय म्हणेल.

मी तिचा हात धरला. सहा महिन्यांपूर्वी मी तिला पट्टी दिली असती. आता तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "रेघ सरळच आहे, बाळ. तू बसून पाहते आहेस. निजून बघ."

ती चमनभाईंना विचारायला आत गेली. बाहेर आली तेव्हा आरसा पिशवीत गेला होता. तिने विचारले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, एका मागवाल्याच्या मुलीने, आणि मी तिच्यावर सहा मुद्द्यांचे तक्रारपत्र लिहिले होते. अंजना इतकी हसली की आजोबा खोकायचे थांबले. तिच्या उपचाराचे अजून पाच आठवडे आहेत. दर शनिवारी दुपारी मी तेथे जाऊन बसेन, असे तिला सांगून आले आहे. तुला जमेल त्या शनिवारी तूही यावेस. पत्रे लिहून कोणावर कसे रागवायचे हे तिला आपण दोघी मिळून शिकवू.

वर्गातल्या त्या मुलीलाही मी उत्तर दिले. कधी परत येतो, कधी येत नाही. पाहायला मात्र जावे लागते, असे सांगितले. मग पान अकरावे काढले.

आता मुख्य प्रश्न. आपल्या दोघींची पुढची तपासणी मंगळवारी, ४ डिसेंबरला आहे. मी एकटी जाऊ शकते हे सिद्ध झाले आहे. ते मला पुन्हा सिद्ध करायचे नाही. इंजिनापासून तिसरा डबा, तू हातकणंगल्याला चढायचे, हा क्रम मी कायम धरून चालले आहे. परंतु तोवर तुझी काठी सुटलेली असेल. मग जयसिंगपूर आल्यावर तू दारात काय आडवे घालणार?

या प्रश्नाला निरोप चालणार नाही, आणि बाकावर बसून म्हटलेले "व्हय की" तर मुळीच चालणार नाही. उत्तर लेखी हवे, तारीख घालून, परतटपाली.

तुझी,
राजमती अक्का